पीव्ही-क्रे × फ्लॉक्स उंदरांची कॉलनी नाशिकमध्ये उभी करायची आहे : पिंजरे, वेळ, जेनोटायपिंग, कंट्रोल

गोदाकाठ | रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या आमच्या विभागाच्या अ‍ॅनिमल हाऊसची सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सरकारी समिती) नोंदणी झाली आहे. ४० आयव्हीसी (प्रत्येकाला स्वतंत्र हवा मिळणारे) पिंजरे आहेत. बेत असा आहे: हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मरणशक्तीशी संबंधित भागातल्या, पार्व्हाल्ब्युमिन (पीव्ही) हे प्रथिन असलेल्या इंटरन्यूरॉन्समधून (आसपासच्या पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशी) एक जनुक काढून टाकायचं आणि वॉटर मेझमध्ये (पाण्याखाली लपलेला प्लॅटफॉर्म शोधायची चाचणी) स्मरणशक्ती तपासायची. त्यासाठी जॅक्सन लॅबोरेटरीचा पीव्ही-क्रे (पीव्ही पेशींत क्रे हे डीएनए कापणारं एन्झाइम बनवणारा उंदीर, स्टॉक ०१७३२०), एआय१४ रिपोर्टर (क्रे चाललेल्या पेशी लाल करणारा, ००७९१४) आणि आमच्या जनुकाचा फ्लॉक्स्ड (क्रेने कापायच्या लॉक्सपी खुणा जनुकात बसवलेला) उंदीर आणायचा आहे. फ्लॉक्स्ड उंदराच्या नावात 'टीएम१ए' असं आहे. दर गटात १२ नर धरले आहेत.

प्रश्न तीन आहेत. किती महिने लागतील? ४० पिंजरे पुरतील का? जेनोटायपिंग (कोणत्या पिल्लात कोणता जनुकबदल आहे ते डीएनएवरून तपासणं) इथेच करावं की पुण्याला पाठवावं?

---

वाघूर | रात्री ९.४८

महिने मोजण्याआधी 'टीएम१ए' या शब्दापाशी थांबा. हा उंदीर अजून फ्लॉक्स्ड नाही.

टीएम१ए म्हणजे जनुकाची 'नॉकआउट-फर्स्ट' (सुरुवातीलाच बंद पाडलेली) आवृत्ती, म्हणजेच अ‍ॅलील. त्यात जनुकाच्या मध्ये लॅक-झेड आणि निओ या बाहेरच्या जनुकांची कॅसेट (डीएनएचा तुकडा) बसवलेली असते. ती जनुकाचं वाचन मध्येच तोडते, त्यामुळे क्रे नसतानाही जनुक बहुतांशी बंदच असतं. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना एफआरटी नावाच्या खुणा असतात, फ्लिप हे एन्झाइम तिथे कापतं. आधी फ्लिप असलेल्या उंदराशी संकर करून कॅसेट उडवायची, मग तो टीएम१सी होतो. तोच खरा फ्लॉक्स्ड. क्रे लागून जनुक कापलं गेलं की टीएम१डी. टीएम१ए सरळ पीव्ही-क्रेशी जोडला तर 'फक्त पीव्ही पेशींतला' नॉकआउट मिळणारच नाही, सगळ्या शरीरातून जनुक गेलेला उंदीर मिळेल आणि 'कंट्रोल' म्हणून (तुलनेसाठी) ठेवलेली बिनक्रेची भावंडंही तशीच असतील.

फ्लिपची पायरी धरली तर किमान दोन पिढ्या वाढतात: एक कॅसेट उडवायला, दुसरी फ्लिप स्वतः बाहेर काढायला. साधारण पाच महिने. म्हणून पत्र लिहिताना थेट विचारा की टीएम१सी तयार आहे का.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची, म्हणजे उंदराच्या मूळ वाणाची. टीएम१ए उंदीर ज्या आंतरराष्ट्रीय संग्रहांतून येतात, त्यांतले बरेचसे उंदीर सी५७बीएल/६एन मधून घेतलेल्या स्टेम पेशींपासून बनलेत. जॅक्सनचा पीव्ही-क्रे मात्र सी५७बीएल/६जे वर आहे. नावात एका अक्षराचा फरक, पण ६एन मध्ये सीआरबी१ जनुकात आरडी८ हे उत्परिवर्तन असतं, ज्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की डोळ्याचा पडदा खराब होतो. ६जे मध्ये एनएनटी जनुक तुटलेलं असतं, त्याचा परिणाम मायटोकॉन्ड्रियावर आणि ग्लुकोजवर होतो.

आता तुमचा संकर बघा. फ्लॉक्स ६एन वर, क्रे ६जे वर. पहिल्या पिढीत सगळे आरडी८ साठी हेट (दोनपैकी एकच प्रत बदललेली), काही बिघडत नाही. दुसऱ्या पिढीत त्यांना पुन्हा फ्लॉक्स/फ्लॉक्सशी जोडलंत की निम्म्या पिल्लांत आरडी८ दोन्ही प्रतींत येणार. आणि वॉटर मेझ हा भिंतीवरच्या खुणा बघून शिकायचा प्रयोग. फ्लॉक्सच्या स्टॉकमधून आरडी८ आधी काढून टाका. साध्या पीसीआरने (डीएनएचा नेमका तुकडा वाढवून बघायची चाचणी) कळतं.

---

मूषकगणित | रात्री ११.०५

वाघूर यांनी पाया सांगितला. मी टीएम१सी हातात आहे असं धरून हिशेब मांडतो.

पिढी १: फ्लॉक्स/फ्लॉक्स × क्रे/क्रे. सगळी पिल्लं फ्लॉक्स/+, क्रे/+ ('+' म्हणजे न बदललेली प्रत). जेनोटायपिंग नावापुरतं.
पिढी २: ती पिल्लं × फ्लॉक्स/फ्लॉक्स. चारातलं एक फ्लॉक्स/फ्लॉक्स, क्रे/+.
पिढी ३: फ्लॉक्स/फ्लॉक्स, क्रे/+ × फ्लॉक्स/फ्लॉक्स. निम्मी प्रयोगाची, निम्मी बिनक्रेची सख्खी भावंडं. हाच तुमचा कायमचा प्रजनन संकर.

गर्भकाळ १९ ते २१ दिवस, आईपासून वेगळं करणं २१ व्या दिवशी, जोडी लावायला ८ आठवडे. म्हणजे एक पिढी ११ आठवड्यांची. दोन पिढ्यांचे २२ आठवडे, तिसऱ्या पिढीचे ३ आठवडे गर्भात आणि १० आठवडे वाढीत. जोड्या लगेच लागत नाहीत, काही माद्या पहिलं वेत खातात. नऊ ते दहा महिन्यांआधी एकही प्रयोगाचा उंदीर पाण्यात उतरत नाही. क्वारंटाइनचा काळ वेगळा.

आता संख्या. ब्लॅक-६ (सी५७बीएल/६) च्या वेतात साधारण ६ पिल्लं धरा. त्यात ३ नर, त्यातला दीड प्रयोगाचा. १२ नरांसाठी ८ वेतं, पडझड धरून १०. पण पिढी ३ चा संकर न करता तुम्ही दुसऱ्या पिढीतूनच प्रयोगाचे उंदीर घेऊ लागलात तर सहाच्या वेतात पाऊणच नर मिळतो आणि त्याच १२ नरांसाठी १६ वेतं लागतात. तिसऱ्या पिढीसाठी अकरा आठवडे थांबण्यातच शहाणपण आहे.

आणि फक्त नर का? माद्यांच्या ऋतुचक्रामुळे आकडे जास्त विखुरतात हा समज तपासून पाहिला गेला आहे आणि तो टिकलेला नाही. माद्या वगळल्या तर निम्मे जीव जन्माला घालून फेकून देण्यासारखं होतं, आयएईसीही (संस्थेची प्राणी-नीती समिती) हा प्रश्न विचारते. दोन्ही लिंगं घ्या, लिंग हा घटक गणितात ठेवा. तीच १० वेतं, दुप्पट माहिती.

पिंजरे: फ्लॉक्सचा स्टॉक ३, पीव्ही-क्रे २, एआय१४ २, पिढी ३ च्या जोड्या ६. वेगळी केलेली पिल्लं नर-मादी वेगळी, दहा वेतं एकदम आली तर २०. आजारी, भांडखोर आणि क्वारंटाइनसाठी ५. झाले ३८. बसतं, पण वेतं एकाच आठवड्यात येऊ देऊ नका. जोड्या दोन तुकड्यांत, तीन आठवड्यांच्या अंतराने लावा. एका पिंजऱ्यात मोठे पाचच.

---

गोदाकाठ | सकाळी ७.३०

डोळे उघडले. टीएम१सी साठी आजच विचारतो. एक शंका: एआय१४ मुळे पेशी लाल दिसली की जनुक गेलं असं समजायचं ना? तसं असेल तर प्रयोगाच्या प्रत्येक उंदरात रिपोर्टर ठेवावा असा विचार होता.

---

पेशीवेध | सकाळी १०.१५

नाही समजायचं. या धाग्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्रे हे पी१ नावाच्या जिवाणूभक्षी विषाणूचं एन्झाइम. ते ३४ बेस-पेअरच्या दोन लॉक्सपी खुणांमधला भाग कापून काढतं. पण सगळ्या जागा त्याला सारख्याच सोप्या नसतात. रोझा२६ या जनुकस्थानातली एआय१४ ची जागा फार उघडी आहे, दोन खुणांमधलं अंतर कमी आहे आणि क्रेचा जरासा अंश पुरतो. तुमच्या जनुकात खुणा दूर असतील, तिथला क्रोमॅटिन (डीएनएची गुंडाळी) घट्ट असेल, आणि दोन्ही प्रती कापल्या जाव्या लागतात. पेशी लालभडक आणि जनुक शाबूत, असं सर्रास होतं. लाल रंग एवढंच सांगतो की या पेशीत कधीतरी क्रे होतं.

'कधीतरी' हा शब्दही लक्षात घ्या. रिपोर्टर एकदा पेटला की आयुष्यभर पेटलेला. पीव्ही कॉर्टेक्समध्ये जन्मानंतर दहा-चौदा दिवसांनी दिसायला लागतं, म्हणून पीव्ही-क्रेचं काम उशिरा सुरू होतं. जनुक कापलं गेलं तरी आधी बनलेलं प्रथिन काही दिवस, कधी काही आठवडे टिकतं. आठ आठवड्यांच्या आत मोजमाप करू नका.

जागेचा प्रश्न तर त्याहून मोठा. तुम्ही 'हिप्पोकॅम्पसमधल्या पीव्ही पेशी' लिहिलंत. पीव्ही-क्रे हिप्पोकॅम्पसपुरतं थांबत नाही. सेरेबेलमच्या पुर्किंजे पेशी, थॅलॅमसचं रेटिक्युलर केंद्रक, मेरुरज्जूलगतच्या डॉर्सल रूट गँग्लियातले स्नायूंची जाणीव आणणारे न्यूरॉन, हे सगळे पीव्ही बनवतात. वेगवान स्नायुतंतूंतही पीव्ही भरपूर असतं. उंदीर मेझमध्ये प्लॅटफॉर्मपर्यंत उशिरा पोहोचला, तर तो विसरला की त्याला धड पोहता येत नाही? म्हणून रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायची चाचणी), पोहण्याचा वेग आणि दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची चाचणी आधी. सर्वांचा वेग सारखा असेल तरच स्मरणशक्तीबद्दल बोलायचा अधिकार.

रिपोर्टर ठेवा, पण वेगळ्या छोट्या तुकडीत, ४ ते ६ उंदीर. पीव्ही अँटिबॉडी लावून मोजा: लाल पेशींपैकी किती पीव्ही आहेत, आणि पीव्ही पेशींपैकी किती लाल. हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही लिहा. मग त्याच उंदरांत आपलं जनुक गेलं का ते इन सिटू हायब्रिडायझेशनने (मेंदूच्या कापातच जनुकाचा आरएनए दाखवणारी पद्धत) पेशीपेशीत बघा. अख्ख्या हिप्पोकॅम्पसचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनाचं प्रमाण बँडवरून बघायची चाचणी) करू नका. पीव्ही पेशी तिथे अगदी थोड्या, त्यांतून प्रथिन पूर्ण गेलं तरी बँड जवळपास तेवढाच दिसेल.

रिपोर्टर जोडण्यात एक गुणसूत्राची अडचणही आहे. रोझा२६ सहाव्या गुणसूत्रावर आहे. तुमचं जनुकही सहावरच असेल, जसं ग्रिन२बी, तर दोन्ही हव्या त्या जोडीत येण्यासाठी मध्ये क्रॉसिंग-ओव्हर (गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल) व्हावा लागेल आणि वरचा चतुर्थांश-निम्म्याचा हिशेब कोसळेल. जनुकाचा गुणसूत्र क्रमांक आधी बघा.

कंट्रोल: बिनक्रेची फ्लॉक्स/फ्लॉक्स भावंडं तर हवीतच, पण क्रे/+ आणि फ्लॉक्स नसलेला गटही हवा. काही क्रे ओळींत क्रे घुसवल्याने मूळ जनुकच दबतं. डॅट-आयआरईएस-क्रे मध्ये डोपामिन ट्रान्सपोर्टर कमी होतो. नेस्टिन-क्रेचे उंदीर कोणतंही जनुक न कापता वजनाने कमी भरतात. ज्याला दोष देताय तो जनुकाचा की क्रेचा, हे या गटाशिवाय सांगता येत नाही. माझं ठाम मत: निकाल विचित्र आला की संशय आधी क्रेवर घ्यायचा, जनुकावर नंतर.

---

जेलवाली | दुपारी १.२०

जेनोटायपिंग इथेच करा. पुण्याला पाठवण्याइतकं अवघड नाही, आणि वेगळी केलेली पिल्लं निकालाची वाट बघत पिंजरे अडवून बसतात.

कान-पंचचा २ मिमीचा तुकडा, पिल्लू साधारण अडीच-तीन आठवड्यांचं असताना. तोच पंच ओळखक्रमांकाचंही काम करतो, म्हणजे उंदराला एकदाच त्रास. ट्यूबमध्ये ७५ मायक्रोलिटर क्षारद्राव: सोडियम हायड्रॉक्साइड २५ मिलिमोलर, ईडीटीए ०.२ मिलिमोलर. ९५ अंशांवर ३० ते ६० मिनिटं, थंड करून ७५ मायक्रोलिटर ट्रिस-एचसीएल ४० मिलिमोलर, पीएच ५. तुकडा पूर्ण विरघळत नाही, तशी गरजही नाही. वरचा १ ते २ मायक्रोलिटर द्राव २० मायक्रोलिटरच्या पीसीआरमध्ये. मग तुकडे वेगळे करायला जेल, २ टक्के अ‍ॅगरोज.

काय बिघडतं:

तुकडा मोठा घेतला की पीसीआर अडतो. बँड (जेलवरची डीएनएची रेघ) आली नाही तर जास्त डीएनए घालण्याऐवजी द्राव दहापट पातळ करून बघा, बहुधा येते. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली जुनी असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती निकामी होते. दर महिन्याला ताजी करा.

सगळ्यात वाईट म्हणजे क्रेचा खोटा पॉझिटिव्ह. पंचला आधीच्या उंदराचा कण चिकटलेला असतो. प्रत्येक उंदरानंतर पंच १० टक्के ब्लीचमध्ये, मग पाण्यात, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. प्रत्येक जेलवर चार लेन राखीव: पाणी, वाइल्ड-टाइप (जनुक न बदललेला), माहीत असलेला हेट, माहीत असलेला होमो (दोन्ही प्रती बदललेला). पाण्याच्या लेनमध्ये काही दिसलं तर ती अख्खी जेल रद्द.

साध्या क्रे प्रायमरने (पीसीआरमध्ये कोणता भाग वाढवायचा ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) क्रे आहे की नाही एवढंच कळतं, एक प्रत की दोन ते नाही. क्रे/क्रेचा स्टॉक ठेवणार असाल तर पीव्ही जागेच्या वाइल्ड-टाइप बँडचे प्रायमरही लागतील.

आणि एक तिसरा प्रायमर पहिल्या दिवसापासून ठेवा, कापलेल्या अ‍ॅलीलसाठी. काही क्रे अधूनमधून बीजपेशींतच चालू होतात. सिनॅप्सिन-क्रेचं उदाहरण प्रसिद्ध आहे, नराच्या वृषणात क्रे चालतं, म्हणून ते मादीकडूनच पुढे न्यायचं. तसं झालं की पिल्लाच्या प्रत्येक पेशीत जनुक कापलेलं असतं आणि फ्लॉक्स-क्रेची नेहमीची जेल बघून ते लक्षात येत नाही. पीव्ही-क्रे पिल्लाच्या कानात कापलेल्या अ‍ॅलीलची ठळक बँड दिसायचं कारणच नाही. दिसली तर तो उंदीर प्रजननातून बाद, प्रयोगातूनही. अगदी फिकट रेघ दिसली तर घाबरू नका, कापल्यावर उरलेला तुकडा छोटा असतो आणि छोटा तुकडा पीसीआरला आवडतो. पुन्हा लावून बघा.

---

सातपूरचा_रखवालदार | संध्याकाळी ६.४०

जनुकाचं सगळे बोलले, मी खोलीचं बोलतो, कारण नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये कॉलनी तिथेच हातातून जाते.

खोली २२ ते २४ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के, तासाला १२ ते १५ वेळा हवा बदल. बाहेर ४० असताना एसी बंद पडला तर नरांची प्रजननक्षमता आधी जाते, आणि त्याचा फटका काही आठवड्यांनी रिकाम्या पिंजऱ्यांत दिसतो. त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. खोलीत कमाल-किमान तापमापक ठेवा आणि रोज वहीत लिहा. वेतं थांबली की मागचे सहा आठवडे उलटून बघा.

आयव्हीसीचा ब्लोअर यूपीएसवर हवाच. एसी डीजी सेटवर चालेल, पण ब्लोअर थांबला की बंद पिंजऱ्यात हवा कोंडते. ब्लोअर लगेच सुरू होणार नसेल तर पिंजरे रॅकमधून बाहेर काढून झाकणं सैल करायची हे रात्रीच्या माणसाला लेखी सांगून ठेवा.

दिव्यांचा टायमर डिजिटल, बॅटरीवाला घ्या. साधा चक्रीवाला टायमर वीज गेली की तिथेच थांबतो आणि परत आल्यावर तेवढा मागे पडतो. महावितरणच्या देखभालीत चार तास वीज गेली की उंदरांची पहाट चार तास पुढे ढकलली. खोलीत कोणाला काही वेगळं दिसत नाही, पण मेझचे आकडे बिघडतात.

गणपतीत ढोल असतात. उंदराला साधारण १ ते १०० किलोहर्ट्झ ऐकू येतं, ढोलाचा खालचा ठोका त्याला कानाने फारसा कळत नाही, पण रॅकमधून येणारा हादरा पायांना कळतो. व्यालेल्या माद्या पिल्लं खातात. रॅकखाली रबरी पॅड, आणि त्या पंधरवड्यात वेतं येतील अशा जोड्या लावू नका. ताशाचा कर्कश भाग मात्र त्यांना चांगलाच ऐकू येतो, खिडकीच्या बाजूला रॅक नको.

आणायचं कुठून? आधी आयसर पुणे, टीआयएफआर, एनसीबीएस अशा संशोधन संस्थांत विचारा. उंदरांची ही ओळ (वाण) देशात असेल तर परदेशी आयात, मुंबईचं अ‍ॅनिमल क्वारंटाइन हे सगळं टळतं. मात्र देणाऱ्या संस्थेच्या करारात 'तिसऱ्याला देऊ नये' असं कलम असू शकतं, मूळ मालकाची परवानगी लागते. या संसर्गांची तपासणी केलेला आरोग्य अहवाल मागा: एमएचव्ही, पार्वोव्हायरस, हेलिकोबॅक्टर, पिनवर्म. पुण्याहून येताना एसी गाडी, पहाटे निघणं, पेटीत पाण्याचं जेल. आल्यावर किमान सात दिवस हात लावू नका. आयएईसीशिवाय आयबीएससीचीही (संस्थेची जैवसुरक्षा समिती) मंजुरी लागते, हे उंदीर जनुकबदल केलेले आहेत.

---

सूक्ष्मसुई | रात्री ८.५५

एवढी दहा महिन्यांची वाट कशाला? फ्लॉक्स/फ्लॉक्स उंदीर घ्या, हिप्पोकॅम्पसमध्ये एएव्ही (पेशीत जनुक नेऊन सोडणारा विषाणू) टोचा. एस५ई२ एन्हान्सर (जनुक कोणत्या पेशीत चालू व्हावं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) पीव्ही पेशींत चांगला चालतो, त्याच्यामागे क्रे लावा. पुर्किंजे नाही, स्नायू नाहीत. कंट्रोलमध्ये त्याच एन्हान्सरचा क्रे नसलेला रंगीत विषाणू. फ्लॉक्स/फ्लॉक्सचं एकच स्टॉक पाळायचं, वाया जाणारं पिल्लू जवळपास नाही.

सीए१ (हिप्पोकॅम्पसचा एक भाग) साठी ब्रेग्मापासून (कवटीवरचा पुढचा सांधा) मागे २.०, बाजूला १.५, खोल १.५ मिमी ही सुरुवात. ब्रेग्मा आणि लॅम्ब्डाची (मागचा सांधा) उंची ०.०५ मिमीच्या आत जुळवा, नाहीतर सुई तिरकी जाते. ३०० नॅनोलिटर, मिनिटाला ५० ते १००. संपल्यावर सुई १० मिनिटं तशीच, लवकर काढली तर विषाणू वाटेने वर येऊन कॉर्टेक्समध्ये पसरतो. मेलोक्सिकॅम (वेदनाशामक) शस्त्रक्रियेआधी, ५ मिग्रॅ दर किलोला. तीन ते चार आठवड्यांनी चाचणी.

---

पेशीवेध | रात्री १०.३०

सूक्ष्मसुई, मार्ग चांगला आहे, मी विरोध करत नाही. पण दोन सावध सूचना. मिलिलिटरला १०^१३ कणांचा विषाणू न पातळ करता घातला तर क्रे स्वतःच न्यूरॉनला इजा करतं, आणि डेंटेट जायरस या हिप्पोकॅम्पसच्याच भागात नवीन जन्मणाऱ्या पेशी तर एएव्हीनेच मरतात, क्रे असो वा नसो. १०^१२ च्या आसपास उतरून, तीन पातळ्यांची मालिका वाइल्ड-टाइप उंदरात करा. पेशींची गळती, अ‍ॅस्ट्रोसाइटची सूज बघा. जी पातळी निरोगी दिसते तीच पुढे.

दुसरं, एन्हान्सर 'पीव्हीपुरता' आहे हे विषाणूच्या मात्रेवर अवलंबून असतं. मात्रा वाढली की गळतो. लाल आणि पीव्हीचे तेच दोन आकडे इथेही मोजायचे.

गोदाकाठ, फ्लॉक्सचा स्टॉक दोन्ही मार्गांना लागतोच. आरडी८ काढून, टीएम१सी करून तो तयार होईपर्यंत विषाणूची मालिका उरकून घ्या.

---

गोदाकाठ | दुसऱ्या दिवशी, दुपारी ४.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. टीएम१सी तिथे तयार आहे असं उत्तर आलं. जनुक सहाव्या गुणसूत्रावर नाही हेही तपासलं. जेलवालीताई, शेवटचे दोन प्रश्न. हेट उंदराच्या लेनमध्ये दोनऐवजी तीन बँड येतात असं वाचलं, तिसरी कसली? आणि वॉटर मेझच्या पाण्याचं तापमान नाशिकच्या हिवाळ्यात कसं सांभाळायचं?

---

जेलवाली | संध्याकाळी ५.३०

तिसरी बँड हेटेरोडुप्लेक्सची. शेवटच्या चक्रांत वाइल्ड-टाइपची एक साखळी आणि फ्लॉक्सची एक साखळी एकमेकींना चिकटतात, मध्ये लॉक्सपीचा न जुळणारा फुगवटा राहतो. फुगवट्यामुळे ती जेलमधून हळू सरकते आणि दोन्हींच्या वर, फिकट, किंचित पसरट दिसते. ती दिसली म्हणजे उंदीर हेटच. पण तिला फ्लॉक्सची बँड समजून खालच्या दोन एकत्र वाचल्या की चूक होते. २ टक्क्यांची जेल ३ टक्के करा, ८० व्होल्टवर सावकाश चालवा, तिन्ही सुट्या होतात.

---

सातपूरचा_रखवालदार | संध्याकाळी ७.१५

पाण्याचं मी सांगतो. २२ अंश, एक अंश इकडेतिकडे. डिसेंबर-जानेवारीत टाकीचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं, त्यात उंदीर गारठतो आणि चौथ्या फेरीला पोहणंच मंदावतं. मेमध्ये उलट, पाणी २८ च्या वर गेलं की तो निवांत तरंगत राहतो, बाहेर पडायची घाई नसते. १२० सेंमीच्या टबात आदल्या रात्री पाणी भरून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सकाळी गरम पाणी किंवा बंद पिशवीतला बर्फ घालून जुळवा, आणि प्रत्येक उंदराआधी मोजा. उंदीर बाहेर काढला की टॉवेलने कोरडा करून दिव्याखाली ठेवा, पुढच्या फेरीआधी अंग सुकलेलं हवं.